उत्तरेच्या नकाशावरच्या रेघा

१५ जुलै १८७० रोजी कॅनडाच्या ताब्यात एवढी जमीन आली की तिची धड मोजणीसुद्धा कुणी केलेली नव्हती. हडसन बे कंपनीकडे दोनशे वर्षं असलेला रुपर्ट्स लँडचा मुलूख आणि त्यापलीकडचा वायव्य प्रदेश एकत्र करून ‘नॉर्थ-वेस्ट टेरिटरीज’ तयार झाल्या. कंपनीला तीन लाख पौंड मिळाले. १६७० साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने हडसनच्या उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचं खोरं एका सनदेने कंपनीला बहाल केलं होतं. त्या नद्या उगम पावतात कुठे, हे तेव्हा लंडनमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तिथे राहणाऱ्या क्री, डेने, इनुइट लोकांना १६७० साली कुणी विचारलं नाही, १८७० सालीही नाही. रेड नदीकाठचे मेटी लोक मात्र लुई रिएलच्या नेतृत्वाखाली अडून बसले, म्हणून त्याच दिवशी मॅनिटोबा हा चिमुकला प्रांत जन्माला आला. पुढे १८८५ साली रिएलला फाशी देण्यात आली.

त्यानंतरची चाळीस वर्षं वाटण्यांची. १८८० साली ब्रिटनने आर्क्टिकची बेटं कॅनडाला देऊन टाकली. १८९६ साली क्लोंडाइकला सोनं सापडलं आणि दोन वर्षांत युकॉन वेगळा झाला. गव्हाच्या शेतीसाठी माणसं येऊ लागली तसे १९०५ साली अल्बर्टा आणि सस्कॅचेवान हे प्रांत झाले. १९१२ साली मॅनिटोबा, ऑन्टारिओ आणि क्वेबेक उत्तरेकडे वाढवले गेले. कुणालाच नको असलेला भाग ‘टेरिटरीज’ म्हणून मागे उरला.

या वाटण्यांत भूगोल किती कमी होता, ते पाहण्यासारखं आहे. निसर्गाने इथे एक सीमा आखलेली आहे, ती म्हणजे वृक्षरेषा. वायव्येला मॅकेन्झी नदीच्या मुखापासून ती तिरकी खाली उतरत हडसनच्या उपसागरावरच्या चर्चिलपर्यंत येते. तिच्या अलीकडे स्प्रूसची अरण्यं आणि ग्रेट बेअर, ग्रेट स्लेव्ह ही समुद्रासारखी सरोवरं आहेत. हा डेने लोकांचा मुलूख. पलीकडे झाड उगवत नाही. तिथे टुंड्रा, खडक, बेटं आणि वर्षातले बहुतेक महिने गोठलेला समुद्र, हा इनुइटांचा. कॅरिबूंचे कळप हिवाळ्यात अरण्याकडे येतात आणि विण्यासाठी टुंड्रात परततात. सरकारी सीमा मात्र साठाव्या अक्षांशावरून सरळ गेली, कळपांच्या वाटा आणि शिकारीची रानं कापत. क्वेबेकची सीमा तर किनाऱ्यापाशीच थांबवली. त्यामुळे तिथला इनुइट माणूस होडीतून समोरच्या बेटावर गेला की दुसऱ्या प्रदेशात पोचतो. ज्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या सील मारले, त्यावरचे हक्क लेखी मिळवायला क्वेबेकच्या इनुइटांना २००६च्या करारापर्यंत थांबावं लागलं.

१९०५ नंतर बासष्ट वर्षं या टेरिटरीजचा कारभार ओटावातून चालला. १९६७ साली तो टेरिटरीजमधल्याच यलोनाइफला आला. एवढ्या दुरून कारभार हाकताना माणूस दिसेनासा होतो, आणि त्याचं सर्वांत दुःखद उदाहरण १९५३चं आहे. क्वेबेकमधल्या इनुकजुआकच्या इनुइट कुटुंबांना जहाजात बसवून दोन हजार किलोमीटर उत्तरेला, रेझोल्यूट आणि ग्रीज फियॉर्डला नेऊन सोडलं. तिथे शिकार भरपूर मिळेल, आणि दोन वर्षांत परत यायचं असेल तर आणू, असं सांगितलं होतं. तिथे हिवाळ्यात सुमारे तीन महिने सूर्य उगवत नाही; असली रात्र या लोकांनी कधी पाहिली नव्हती. परत आणण्याचा शब्द पाळला गेला नाही. आर्क्टिक बेटांवर कॅनडाची वस्ती असल्याचं जगाला दाखवायचं होतं, हे त्या कुटुंबांचं म्हणणं होतं, आणि मला ते पटतं. सरकारने माफी मागितली ती २०१० साली.

या दीडशे वर्षांतला सर्वांत मोठा बदल माझ्या मते राजधानी हलल्याने किंवा कायदा झाल्याने घडला नाही. तो १९७३ नंतरच्या तीन वर्षांत घडला. त्या वर्षी काल्डर खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मूलनिवासींचा जमिनीवरचा हक्क कायद्यात अस्तित्वात असू शकतो, हे मान्य केलं. मग तो हक्क दाखवायचा कसा? मॅकमास्टर विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीमन यांच्या देखरेखीखाली अभ्यासक गावोगाव गेले आणि शिकाऱ्यांसमोर नकाशे पसरले. कॅरिबू कुठे मारलेत, सील कुठे, कोल्ह्याचे सापळे कुठे लावलेत, मासे कुठे धरलेत, ते ज्याने त्याने स्वतःच्या हाताने रेखाटलं. एकेका माणसाचं आयुष्य त्या कागदावर उतरलं. सगळे कागद एकत्र ठेवल्यावर सरकारी नकाशातला कोरा भाग भरून गेला. महत्त्वाचं म्हणजे रेघा किनाऱ्याशी थांबल्या नाहीत. गोठलेला समुद्र ही त्यांची वहिवाटीची जागा होती. तिथे तळ पडत, तिथून स्लेजच्या वाटा जात. १९७६ साली हा अहवाल तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी इनुइट संघटनेने नुनावुत या इनुइटांच्या वेगळ्या प्रदेशाची मागणी सरकारपुढे मांडली.

मागणीपासून प्रत्यक्षापर्यंत तेवीस वर्षं गेली. मॅकेन्झी खोऱ्यातल्या नियोजित वायुवाहिनीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांनी १९७७ साली, आधी मूलनिवासींचे दावे निकाली काढा, वाहिनी दहा वर्षं थांबू द्या, असं सांगितलं. १९८२च्या मतदानात टेरिटरीजच्या विभाजनाला थोडक्या बहुमताने होकार मिळाला. मात्र सीमेवरून इनुइट आणि डेने यांच्यातच वाद झाला, कारण वृक्षरेषेच्या आसपासची शिकारीची रानं दोघांचीही होती. १९९२ साली सीमा ५४ टक्के मतांनी मंजूर झाली. पश्चिमेकडचा विरोध शेवटपर्यंत राहिला. आतून काढलेली रेघही कुणाला तरी कापत जाते. तरीही ही रेघ तिथल्या माणसांच्या मतांवर ठरली, यातच तिचं वेगळेपण आहे.

१ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत अस्तित्वात आला. क्षेत्र सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या जवळपास दोन तृतीयांश, आणि वस्ती तेव्हा सत्तावीस हजारांच्या आसपास. किटिकमेओट, किवालिक आणि किकिक्तालुक असे त्याचे तीन विभाग. गावं पंचवीस, एकाही गावातून दुसऱ्या गावाला रस्ता जात नाही. माणसं विमानाने जातात, अवजड सामान उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर जहाजाने येतं. त्यामुळे दूध-भाजी कमालीची महाग. घरं अपुरी, आणि एकेका घरात दाटीने राहणारी कुटुंबं. तरुणांच्या आत्महत्यांचं प्रमाण उर्वरित कॅनडाच्या कितीतरी पट आहे. स्वतःचं सरकार आल्याने या गोष्टी आपोआप सुटल्या नाहीत, आणि त्या सुटाव्यात म्हणून लागणारा पैसा अजून बव्हंशी ओटावातूनच येतो.

त्याचं एक कारण इनुइट आणि केंद्र सरकार यांच्यातल्या १९९३च्या जमीन-करारातच आहे. इनुइटांना सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमीन मालकीने मिळाली, पण जमिनीखालच्या खनिजांचा हक्क त्यातल्या साधारण दहाव्या हिश्श्यावरच. उरलेल्या विशाल सार्वजनिक जमिनीचा आणि खनिजांचा कारभार केंद्राकडे राहिला. तो नुनावुत सरकारकडे सोपवण्याच्या करारावर १८ जानेवारी २०२४ रोजी नुनावुतची राजधानी इकालुइतमध्ये सह्या झाल्या. प्रत्यक्ष हस्तांतरासाठी १ एप्रिल २०२७ ही तारीख ठरली, आणि तोवर हा कारभार चालवणारी स्थानिक माणसं तयार करण्याचं काम हाती घेतलं गेलं.