तान्ह्या बाळाला डांग्या खोकल्यापासून वाचवा



गाय व्याली की वासराला पहिल्या दोन तासांत चीक पाजायचा, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. २५ किलोच्या वासराच्या पोटात पहिल्या दिवशी अडीच लिटर तरी चीक गेला पाहिजे. खरवस करायचा तो उरलेल्याचा. रोगाशी लढणारी प्रतिपिंडे, ज्यांना डॉक्टर अँटीबॉडीज म्हणतात, वासराला गर्भात मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि एक दिवस उलटला की वासराचे आतडे ती शोषून घेत नाही.

माणसाचे थोडे वेगळे आहे. बाळंतिणीचा चीक बाळाला पाजलाच पाहिजे, तो काढून टाकू नये. पण रक्तातली प्रतिपिंडे बाळाला जन्मापूर्वीच वारेतून मिळतात, आणि तीही मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. आईपाशीच ही शिदोरी नसेल तर बाळाला कोठून मिळणार?

डांग्या खोकल्यात नेमके हेच घडते. त्याचे जंतू श्वासनलिकेत ठाण मांडून विष सोडतात. मोठ्या माणसाला नुसता रेंगाळणारा खोकला होतो. निपाणीकडे तर तंबाखूच्या धुळीचा खोकला म्हणून आपण तो सोडून देतो. तान्ह्या बाळाच्या मात्र तो जिवावर बेततो. बाळाला खोकल्याची उबळ येईलच असे नाही. दूध ओढताना श्वास थांबतो, ओठ निळे पडतात. औषधाने जंतू मरतात, पण आधी सुटलेले विष मागे राहते.

सरकारी लसीकरणात बाळाला या रोगाची पहिली लस सहाव्या आठवड्यात मिळते, पुढच्या दोन दहाव्या व चौदाव्या आठवड्यात. तोवर बाळ उघड्यावर असते. आईने लहानपणी लस घेतलेली असली तरी तिचा जोर वर्षांगणिक ओसरतो.

इंग्लंडमध्ये २०१२ साली या रोगाची मोठी साथ आली व तान्ही बाळे दगावली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून तेथे गरोदर स्त्रियांना लस देऊ लागले. लस घेतलेल्या मातांच्या लहानग्यांत हा रोग सुमारे ९० टक्क्यांनी कमी आढळला.

तयार प्रतिपिंडेच बाळाला टोचता येणार नाहीत काय? युक्ती जुनी आहे. साप चावल्यावर आपण जे इंजेक्शन घेतो त्यात घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडेच असतात; मुंबईच्या हाफकिनमध्ये ते बनते. डांग्या खोकल्याच्या विषावर अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी असे प्रतिपिंड तयार केले. नवजात बबून माकडांना त्याने वाचवल्याचे त्यांनी २०२० साली प्रसिद्ध केले. पण आपल्या बाळांसाठी ते औषध अजून बाजारात आलेले नाही. तोवर आईच बाळाची ढाल.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आरोग्य केंद्रात गरोदर स्त्रीला मिळणारे टीडी इंजेक्शन धनुर्वात व घटसर्पाचे आहे. त्यात डांग्या खोकल्याची लस नाही. त्यासाठी टीडॅप नावाची लस लागते. ती सरकारी कार्यक्रमात नाही, खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते. टीडीच्या एका डोसाऐवजी ती घेता येते. म्हणून इंजेक्शन झाले एवढ्यावर समाधान न मानता कोणते झाले, हे विचारावे.

आमचे सांगणे एवढेच:

१. सातव्या महिन्यापासून, म्हणजे २७ ते ३६ आठवड्यांत, टीडॅपविषयी डॉक्टरांना विचारा. बाळंतपणाच्या खर्चात तिचे पैसे आधीच धरा.

२. प्रत्येक गरोदरपणात ती नव्याने घ्यावी. थोरल्या वेळची प्रतिपिंडे धाकट्याला पुरत नाहीत.

३. सहाव्या आठवड्याची बाळाची लस चुकवू नका. पेरणी असो की ऊसतोड, तो दिवस राखून ठेवा.

४. ज्याला खोकला आहे त्याने बाळाला उचलू नये, मुका घेऊ नये. बाप्तिस्म्याच्या दिवशी घरात पाहुण्यांची गर्दी असते. तेव्हा आजोबांनाही हे प्रेमाने सांगावे.

५. बाळाचा श्वास अडला किंवा ओठ निळे झाले तर घरगुती काढ्यात वेळ न घालवता तत्काळ मोठ्या दवाखान्यात न्या.

वासराच्या चिकाची वेळ आपण चुकवत नाही. लेकराच्या शिदोरीची वेळ त्याच्या जन्मापूर्वीच येते, तीही चुकवू नये.