गोळीवरचा आकडा

कारापूर-साखळीच्या परिसरात एखाद्या घरी कर्करोगाने कोणी अंथरुणास खिळले, म्हणजे शेजारीपाजारी आपल्याकडील उरलेल्या गोळ्या आपुलकीने घेऊन येतात. ‘तुमची दहाची, ही पन्नासची,’ असे म्हणतात. आकडा मोठा ती गोळी जालीम, असा हा हिशेब. अफूवर्गातील वेदनाशामकांच्या बाबतीत तो साफ चुकतो, आणि ही चूक जिवावर बेतू शकते.

ज्या झाडाची खसखस आपण स्वयंपाकात वापरतो, त्याच झाडाच्या कच्च्या बोंडाच्या चिकापासून अफू होते. जर्मन औषधनिर्माता सेर्ट्युर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अफूतून मॉर्फीन वेगळे काढले. या वर्गातील इतर औषधांचे बळ आजही मॉर्फीनच्याच मापाने मोजतात.

कोडीन त्यांत सौम्य. त्याचे सुमारे 10 मिलिग्रॅम हे मॉर्फीनच्या 1 मिलिग्रॅमइतके भरतात. यकृतात त्याचे मॉर्फीन बनते. परंतु काहींच्या शरीरात ते फार थोडे, तर काहींच्या फार झपाट्याने बनते. यास्तव 12 वर्षांखालील मुलांस ते देऊ नये. ट्रामाडॉल हे प्रयोगशाळेत तयार झालेले. त्याची 50 मिलिग्रॅमची गोळी मॉर्फीनच्या 5 ते 10 मिलिग्रॅमच्या तोडीची. म्हणजे आपली ‘दहाची’ मॉर्फीनची गोळी त्या ‘पन्नासच्या’ गोळीहून कमी नव्हे! शिवाय ट्रामाडॉलमुळे काहींना झटके येतात. फेंटानिल तर मॉर्फीनच्या सुमारे 100 पट तीव्र. ताशी 25 मायक्रोग्रॅम औषध सोडणारी त्याची पट्टी 3 दिवस अंगावर राहते, आणि तिचे बळ रोज तोंडाने घेतलेल्या 60 ते 90 मिलिग्रॅम मॉर्फीनइतके असते. सवय नसलेल्या रुग्णास ती लावणे घातक होय. ताप आला वा अंग शेकले, तर तिच्यातील औषध अधिक वेगाने शरीरात शिरते.

या सर्वांनी बद्धकोष्ठ होते, गुंगी येते, आणि मात्रा अधिक झाल्यास श्वास मंदावतो. जोडीला फेणी किंवा झोपेची गोळी असली, तर धोका दुणावतो.

मात्र भीतीचा अतिरेकही बरा नव्हे. ‘मॉर्फीन सुरू झाले, म्हणजे सारे संपले,’ असे समजून कित्येक घरी रुग्णास तळमळत ठेवतात. वैद्यकीय देखरेखीखाली हेच औषध त्याला शांत झोप आणि आप्तांशी दोन शब्द बोलण्याचे बळ देते. 1985 च्या कडक कायद्यात 2014 साली सुधारणा झाली ती अशी औषधे रुग्णांपर्यंत सुलभतेने पोहोचावीत म्हणूनच. लोटली येथील शांती अवेदना सदनासारख्या संस्था अशाच रुग्णांची शुश्रूषा करतात.

तेव्हा डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून ठेवाव्यात : औषधाचे नाव, मात्रा आणि दोन मात्रांमधील अंतर. शेजाऱ्याची आपुलकी अवश्य घ्यावी. त्याची गोळी घेऊ नये.