एका झेल्याचा धडा

मुलांनो, एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीकडे कुणाच्या बागेत गेला असाल, तर तुम्ही झेला पाहिलाच असेल. लांब काठी, टोकाला कडं आणि कड्याला बांधलेली जाळी. आंबा जाळीत घ्यायचा, एक झटका द्यायचा, की आंबा आत! सोपं काम, नाही का?

पण खरी गोम त्या झटक्यातच आहे. झटक्यानं आंबा देठापासून सुटतो आणि तिथून चीक उडतो. हा चीक सालीवर ओघळला, की साल भाजल्यासारखी काळी पडते. शिवाय देठाच्या उघड्या जागेतून बुरशी शिरते आणि पेटीतला आंबा तिथूनच कुजायला लागतो. वर्षभर झाडांची निगा राखायची आणि शेवटच्या क्षणी फळाचा भाव घालवायचा! बागायतदाराला हे परवडणार कसं?

रत्नागिरी जिल्ह्यातच, दापोलीला, १९७२ साली स्थापन झालेलं कोकण कृषी विद्यापीठ आहे. तिथं या झेल्याचा नव्यानं विचार झाला आणि ‘नूतन झेला’ तयार झाला. त्याच्या कड्यापाशी एक धारदार पातं असतं. देठ पात्याशी आणून झेला ओढला, की देठ कापला जातो. थोडा देठ आंब्यालाच राहतो आणि आंबा अलगद जाळीत पडतो. झाडावर चढायला नको आणि चिकाचे डागही नकोत!

प्रॉडक्ट डिझाइन म्हणतात ते हेच बरं का! नुसतं सुबक चित्र काढणं नव्हे. काम नेमकं कुठं बिघडतंय ते आधी पाहायचं आणि मग वस्तू त्याप्रमाणे बदलायची.

आता पुढची पायरी. एक चांगला झेला बनवणं वेगळं आणि हजार बनवणं वेगळं. हजारातल्या एकाचं पातं तिरकं बसलं, तर तो झेला ज्याच्या हाती पडेल त्याच्या नशिबी पुन्हा चीकच! म्हणून कारखान्यात प्रत्येक मापात किती फरक चालेल, हे आधीच ठरवतात. माल तयार होत असतानाच अधूनमधून मोजतात. यंत्र जरा हललं असेल, तर दहा नगांतच कळावं. हजार नग वाया गेल्यावर नव्हे. यालाच गुणवत्ता सांभाळणं म्हणतात.

हे शिकायला मुंबई-पुण्यालाच गेलं पाहिजे असं आता नाही. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली ‘एनपीटेल’ सुरू केलं. २०१७ साली सरकारचं ‘स्वयं’ आलं. डिझाइन, उत्पादन, गुणवत्ता अशा विषयांची तिथली व्याख्यानं घरबसल्या फुकट पाहता येतात. दर आठवड्याला गृहपाठ असतो. प्रमाणपत्र हवं असेल, तर मात्र शुल्क भरून परीक्षा केंद्रावर जावं लागतं. हे पाठ कॉलेजच्या मुलांसाठी आहेत आणि बरेचसे इंग्रजीत. पण ताई-दादाबरोबर किंवा आई-बाबांबरोबर एखादं पाहायला काय हरकत आहे? समजलं नाही, तर थांबवून पुन्हा ऐका. तिथले सर रागावत नाहीत!

एक मात्र लक्षात ठेवा. पडद्यावर पातं शंभरदा पाहिलं, तरी त्याची धार हाताला कळत नाही. म्हणून शिकलेलं हातानं करून पाहायला हवं.

करून पाहा : जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची १० सेंटिमीटर लांबीची एक पट्टी कापा. ती पुठ्ठ्यावर ठेवून, पेन्सिलीनं आखून दुसरी कापा. दुसरीवरून तिसरी, तिसरीवरून चौथी, अशा १० पट्ट्या करा. मग पुन्हा १० पट्ट्या करा. पण या वेळी प्रत्येक पट्टी पहिलीवरूनच आखा. आता दोन्ही गठ्ठ्यांतली शेवटची पट्टी मोजा.

पहिल्या गठ्ठ्यात पेन्सिलीच्या रेघेएवढी चूक दर वेळी साठत जाते. दुसऱ्यात ती साठत नाही. कारखान्यात मूळ नमुना जिवापाड का जपतात, ते आता कुणी सांगायला नको!