चौसष्ट टोकांचं झाड

कवीनं गणितावर बोलणं म्हणजे जळगावच्या सराफ बाजारात भजीवाल्यानं सोन्याचा भाव सांगण्यासारखं आहे. तरी श्रोतेहो, आजचा विषय गणिताइतकाच छंदशास्त्राचाही आहे, म्हणून हे धाडस.

शाळेत संभाव्यता शिकवताना मुलांना एक झाड काढायला सांगतात. त्याला वृक्षाकृती म्हणतात. समजा, खानावळीत कळण्याची आणि ज्वारीची अशा दोन भाकरी आहेत. भरीत, शेवभाजी आणि पाटवड्यांची आमटी अशी तीन कालवणं आहेत. एका ठिपक्यातून भाकरीच्या दोन फांद्या काढायच्या, प्रत्येक फांदीला कालवणाच्या तीन डहाळ्या फोडायच्या आणि टोकं मोजायची. सहा टोकं, म्हणजे सहा तऱ्हेची ताटं. बुंध्यापासून टोकापर्यंतची प्रत्येक वाट ही एक निष्पत्ती.

सोपं वाटतं ना? आता नाणं दोनदा उडवा. एकदा छापा आणि एकदा काटा पडण्याची शक्यता किती? पुष्कळ जण म्हणतील, तीनात एक. दोन्ही छापे, दोन्ही काटे किंवा एकेक, असे तीनच प्रकार! झाड काढलं की टोकं चार दिसतात. आधी छापा मग काटा ही एक वाट, आधी काटा मग छापा ही दुसरी. आपलं मन या दोन वाटांची एक करून टाकतं. उत्तर आहे चारात दोन, म्हणजे निम्मी शक्यता.

यात मुलांनी लाजायचं कारण नाही. दालांबेर हा फ्रान्सचा मोठा गणिती. दोनदा नाणं उडवून निदान एकदा छापा येण्याची शक्यता किती, या प्रश्नावर 1754 साली फ्रेंच विश्वकोशात त्यानं तीनात दोन हे उत्तर मांडलं. पहिल्याच फेकीत छापा आला तर दुसरी फेक कशाला, असा त्याचा युक्तिवाद. तेव्हा वाटा उरल्या तीन. पण पहिल्याच फेकीत थांबणाऱ्या फांदीचं वजन अर्धं आहे आणि बाकीच्या दोघींचं पाव-पाव. म्हणून फांदीवर अपूर्णांक लिहायचा, वाटेनं जाताना गुणाकार करायचा आणि हव्या त्या टोकांची बेरीज करायची. अर्धा अधिक पाव, म्हणजे चारात तीन.

असं झाड आपल्याकडे वेगळ्या नावानं फार पूर्वीपासून होतं. वृत्तात अक्षर एक तर लघु असतं, नाही तर गुरू. मराठी गझल लिहिणाऱ्यालाही हा हिशेब चुकत नाही. लघु-गुरूंच्या सगळ्या मांडण्या क्रमानं लिहून काढण्याला छंदशास्त्रात प्रस्तार म्हणतात. भास्कराचार्यांनी 1150च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त गायत्रीच्या सहा अक्षरी चरणाचं उदाहरण घातलं आहे. एक गुरू असलेले चरण किती, दोन असलेले किती, असं ते विचारतात. एकही गुरू नसलेला 1, एक गुरू असलेले 6, मग 15, 20, 15, 6 आणि सगळे गुरू असलेला 1. एकूण 64. लघु-गुरूच्या जागी छापा-काटा ठेवा. नाणं सहा वेळा उडवलं तर नेमके तीन छापे 64पैकी फक्त 20 वाटांवर सापडतात. 'सहात तीन तर येणारच' असं म्हणणारा बहुतेक वेळा हरतो.

भास्कराचार्यांचं गाव कोणतं, या वादात मी पडत नाही. पण चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला 1207 सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी तिथं मठ स्थापला, असं तो सांगतो. (हे तापीकाठचे योगी चांगदेव नव्हेत.) डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. तेव्हा हे गणित खानदेशाला परकं नाही.

त्याच खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याला, हे झाड घरादारात शिरतं. नंदुरबार, धुळे, जळगावच्या डोंगरपट्ट्यात, विशेषतः भिल्ल आणि पावरा समाजात, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. भारतात हा दोष प्रथम 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला. 2023 साली त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं.

वाहक माणसाजवळ एक चांगला आणि एक सिकलचा असे दोन जनुक असतात. त्याला सहसा त्रास होत नाही, त्यामुळे ठाऊकही नसतं. आईबाप दोघंही वाहक असतील तर झाड काढा. बापाकडून दोन फांद्या, प्रत्येकीवर आईकडून दोन. चार टोकं : एक पूर्ण निरोगी, दोन वाहक, एक आजारी. 'चारात एक' एवढंच कानावर पडतं आणि घरात हिशेब होतो : थोरल्याला आजार निघाला, म्हणजे पुढची तिघं सुटली. इथंच घात होतो. प्रत्येक मुलाच्या वेळी झाड नव्यानं फुटतं. थोरल्याला काय झालं हे त्या फांद्यांना ठाऊक नसतं.

तीन मुलांचं झाड काढा. चार गुणिले चार गुणिले चार, पुन्हा 64 टोकं. तिघंही आजारापासून सुटतील अशी टोकं तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे 27. उरलेल्या 37 टोकांवर निदान एक लेकरू आजारी आहे. निम्म्याहून जास्त! 'चारात एक' ऐकून हा आकडा कुणाच्या डोळ्यापुढे येतो?

म्हणून लग्नाआधी दोघांचीही रक्ततपासणी हवी. पत्रिका पाहायला वेळ काढणाऱ्यांनी याला नाही म्हणू नये. वाहक निघाला म्हणून कुणाचं लग्न मोडायचंही कारण नाही. दोघांपैकी एकच वाहक आणि दुसरा निर्दोष असेल, तर चार टोकांपैकी दोन वाहक आणि दोन पूर्ण निरोगी. आजाराचं टोक त्या झाडावर एकही नाही.