काचेची पाटी आणि घरांतील पेटी

सफाळें स्टेशनावर उतरून एडवण, कोरे या बाजूनें पश्चिमेकडे गेलें म्हणजे रस्ता दातिवऱ्यास येऊन संपतो. पुढें वैतरणेचें मुख आणि त्यापलीकडे अर्नाळ्याचा किल्ला. आमचें मूळ घर याच गांवीं आहे. आमच्या लहानपणीं तेथें वर्तमानपत्र दुपारीं येई. मुंबईहून आगगाडीनें सफाळ्यास व तेथून एस्टीनें गांवांत. आलेला अंक प्रथम थोरल्या काकांच्या हातीं जावयाचा, मग वडिलांकडे, मग कॉलेजांत जाणाऱ्या बंधूंकडे. आणि मागलें आवरून बायका माजघरांत बसेपर्यंत त्याचें मधलें पान कोठेंतरी गहाळ झालेलें असावयाचें. आमच्या मातोश्री व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत शिकलेल्या, वाचनाची हौस दांडगी. पण त्यांच्या वाट्यास बहुधा वाणसामानाच्या पुडीचा कागदच यावयाचा. यांत कोणावर अन्याय होतो आहे असें त्या वेळीं कोणासच वाटलें नाहीं, आम्हांसहि नाहीं.

मार्च 2020 मध्यें टाळेबंदी लागली, लोकलगाड्या थांबल्या आणि मुंबईंतील वृत्तपत्रांची छपाईहि कांहीं दिवस बंद पडली. वडील बंधु सकाळीं चहा घेऊन ओटीवर बसत आणि रिकाम्या हातांकडे पाहत. टॅब्लेट, म्हणजे घरच्या भाषेंत टॅब, हें यंत्र त्या वेळीं नवें नव्हतें. अ‍ॅपल कंपनीचा आयपॅड 2010 सालीं निघाला, आणि आपल्या सरकारनेंहि विद्यार्थ्यांसाठीं 'आकाश' नांवाचा स्वस्त टॅब 2011 सालीं पुढें आणला होता. परंतु आमच्या घरीं तें मुलांचें खेळणेंच समजलें जाई. टाळेबंदींत पुतण्यानें त्यावर वर्तमानपत्राची ई-आवृत्ति उघडून दिली, आणि त्या दिवसापासून त्या खेळण्यास वडीलधाऱ्यांच्या पंक्तीस पाट मिळाला.

मातोश्रींच्या एका डोळ्याचा मोतीबिंदु काढून झाला होता, दुसरा पिकावयाचा होता. छापील अंक त्यांनीं सोडला त्यास वर्ष लोटलें होतें. नातू म्हणाला, "आजी, तूं बघ तर खरी. दोन बोटें ठेव आणि अशीं फांकव." त्यांनीं तसें केलें तों अक्षर बोराएवढें झालें. त्या हरखल्या; पण क्षणभरच. "अरे, ओळ गेली कुठें?" म्हणून त्यांनीं पाटी खालीं ठेवली.

येथें थोडें थांबून सांगणें अवश्य आहे, कारण वृद्धांसाठीं टॅब घेणाऱ्या पुष्कळांची निराशा याच ठिकाणीं होते. ई-आवृत्तींत बहुधा छापील पानाचें चित्रच असतें. तें मोठें केलें कीं ओळीचें एक टोंक पडद्याबाहेर जातें आणि पान सारखें इकडून तिकडे सरकवावें लागतें. उलट ज्या पुस्तकांत अक्षरें हीं अक्षरें म्हणूनच सांठविलेलीं असतात, तेथें आकार वाढवितांच ओळी आपोआप नव्यानें बसतात. त्यासाठीं मजकूर युनिकोडमध्यें असेल तर बरें. मराठीची जुळणी बरींच वर्षें निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत होत आली. एकाचा मजकूर दुसऱ्यास वाचतां येत नसे. टॅब आडवा धरला तर चित्राच्या पानांतहि ओळ बरीचशी मावते, हें मात्र आम्हांस मातोश्रींनींच शोधून दाखविलें.

मग त्यांचें वाचन सुटलें तें सुटलेंच. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 सालीं निघाला. पुढें 20 खंड झाले. एवढे ग्रंथ ठेवावयास आमच्या घरांत फडताळ नाहीं, पण ते सर्व आतां विनामूल्य उघडे आहेत, व तेथील अक्षर मोठें करतां येतें. कायद्याचीहि एक गोष्ट आम्हांस या निमित्तानें नीट कळली. आपल्या देशांत ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षें त्याच्या ग्रंथावर हक्क चालतो आणि तीं वर्षें पुढल्या सालाच्या आरंभापासून मोजतात. साने गुरुजी 1950 सालीं वारले, म्हणून त्यांचे ग्रंथ 1 जानेवारी 2011 पासून सर्वांचे झाले. वि. स. खांडेकर 1976 सालीं गेले. त्यांच्यासाठीं 2037 सालापर्यंत थांबणें किंवा पुस्तक विकत घेणें भाग आहे. ज्या कादंबऱ्यांच्या पीडीएफ प्रती व्हॉट्सअ‍ॅपवरून आपल्याकडे फिरत येतात, त्यांतल्या पुष्कळ या हिशेबानें चोरीच्याच ठरतात. सुशिक्षित घरांत दुसऱ्याच्या बागेंतला आंबा कोणी पाडीत नाहीं. मग हें कसें चालतें?

आमच्या घरीं सर्वांत अधिक वाचली गेली ती 'महिकावतीची बखर'. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ती 1924 सालीं संपादून प्रसिद्ध केली. उत्तर कोंकणाची, म्हणजे आमच्याच किनाऱ्याची ती हकीगत. पण छापील प्रत आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिली नव्हती. ती टॅबवर मिळाली तेव्हां रात्रीं जेवणानंतर ओटीवर मोठ्यानें वाचन सुरू झालें. एरवीं टॅब आल्यापासून ज्यानें त्यानें आपापला कोपरा धरला होता, आणि तें आम्हांस डांचत होतें.

वहिनींस एक निराळीच शंका होती. श्रावणांत पोथीचें पारायण या पाटीवरून केलें तर चालेल का? आणि हिचें आवरण चामड्याचें तर नव्हे ना? आम्हांस हंसूं आलें, पण असली शंका आपल्या समाजांत प्रथमच निघालेली नाहीं. गणपत कृष्णाजी यांनीं 1831 सालीं मुंबईंत पंचांग छापलें, तेव्हां छापील कागदास शिवावें कीं नाहीं याचाच कित्येकांस संशय होता; गोविंद नारायण माडगांवकर यांच्या 'मुंबईचें वर्णन' या 1863 च्या ग्रंथांत त्याची आठवण नमूद आहे. आज तीच छापील पोथी सोंवळ्यांत आहे! आवरण रेक्झिनचें निघालें. तरी वहिनींनीं खादीची पिशवी शिवलीच, आणि पारायण पोथीवरूनच केलें. आम्ही त्यांच्याशीं वाद घातला नाहीं.

आमची खरी हरकत दुसरी आहे. बंधूंनीं दोन इंग्रजी पुस्तकें पैसे भरून टॅबवर घेतलीं. पुढें तीं बहिणीस वाचावयास द्यावीं म्हटलें तर देतां येईनात. पैसे भरून बहुधा वाचण्याची परवानगीच मिळते, पुस्तक नव्हे. जुलै 2009 मध्यें अ‍ॅमेझॉननें जॉर्ज ऑर्वेल याच्या कादंबऱ्या गिऱ्हाइकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या होत्या. विकणाऱ्यास हक्क नव्हता म्हणून. पैसे परत केले, परंतु घरांत येऊन कपाटांतलें पुस्तक काढून नेणारा पुस्तकविक्या आजवर कोणी पाहिला होता काय?

17 मे 2021 रोजीं तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलें आणि गांवची वीज गेली. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं टॅब मिटला. मातोश्री म्हणाल्या, "माळ्यावरची पेटी काढा पाहूं." काकांनीं बांधून ठेवलेल्या मासिकांचे खंड तींत होते. खाऱ्या हवेनें पुठ्ठे सुटले होते. तीन खंडांत वाळवीनें आरपार भोंक पाडलें होतें. कंदिलाजवळ धरलें तरी मातोश्रींस त्यांतलें एक अक्षरहि दिसेना. त्या नुसत्या पानांवरून हात फिरवीत बसल्या.

वीज आल्यावर पुतण्यानें त्या खंडांचें एकेक पान उन्हांत ठेवून टॅबनेंच त्याचें चित्र घ्यावयास आरंभ केला. हें काम अजून चालू आहे. एका रविवारीं चाळीस पानें होतात. एका कथेच्या शेवटीं समासांत पेन्सिलीनें दोन ओळी लिहिलेल्या सांपडल्या. लेखिकेचें म्हणणें अर्धेंच खरें आहे, असा त्यांचा आशय. अक्षर काकांचें नाहीं. मातोश्रींनीं पाटी आडवी धरली, बोटें फांकविलीं, आणि जरा वेळानें म्हणाल्या, "माझंच आहे हें. तुझे काका निजले म्हणजे मी अंक काढून वाचत असें."