वारणेकाठची छावणी

कोल्हापूरकराला लढाया सांगायला आवडतात, पण त्या जिंकलेल्या किंवा निदान थाटात हरलेल्या. पन्हाळ्याचा वेढा आणि पावनखिंड हे तर आमच्या घरचेच विषय. पण वारणेकाठी १७३० साली कोल्हापूरच्या छत्रपतींची अख्खी छावणी लुटली गेली, राजमाता, राणी, अमात्य असे सगळेच शत्रूच्या हाती लागले, हा विषय काढला की माणसे घड्याळाकडे बघू लागतात. शाळेच्या पुस्तकातही वारणेचा तह येतो, लढाई येत नाही. मला मात्र ही लढाई कित्येक वर्षांपासून छळते आहे. तिच्यात शौर्याचे फारसे काही नाही. पण त्या छावणीत कोण कोण सापडले हे एकदा कळले, की मराठ्यांची ती सगळी भाऊबंदकी एका तंबूत उभी दिसते.

आधी मागचे पटकन सांगतो. औरंगजेब १७०७ मध्ये मेला आणि मोगलांनी संभाजी महाराजांचे पुत्र शाहू यांना सोडले. (हे साताऱ्याचे शाहू. राजर्षी दीडशे-पावणेदोनशे वर्षांनंतरचे.) शाहूंच्या चुलती ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवले. स्वतःचा मुलगा शिवाजी याचीच गादी खरी, असे त्यांचे म्हणणे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा भेटल्या. सेनापती धनाजी जाधवांनी दूधभातावर हात ठेवून ताराबाईंशी इमान राखण्याची शपथ घेतली होती, पण बाळाजी विश्वनाथांनी शाहूंसाठी आधीच मध्यस्थी केली होती आणि धनाजी शाहूंना मिळाले. परशुरामपंत प्रतिनिधी एकटे पडले आणि त्यांना साताऱ्याकडे पळावे लागले. पुढे सातारा शाहूंकडे गेला, ताराबाईंनी पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली, तीच कोल्हापूरची गादी. मग १७१४ मध्ये त्यांची सवत राजसबाई आणि तिचा मुलगा संभाजी यांनी ताराबाईंनाच लेकासह कैदेत टाकले आणि गादी संभाजीकडे गेली. शिवाजीने कैदेतच प्राण सोडला. निजामाने संभाजीला हाताशी धरून शाहूंना खेळवून पाहिले, पण १७२८ मध्ये पालखेडला शाहूंच्या बाजीराव पेशव्याने त्याला कोंडले आणि मुंगी-शेवगावच्या तहात निजामाने संभाजीचा हात सोडला.

इथून पुढचे सावकाश सांगतो.

निजाम बाजूला झाला तरी कोल्हापूरच्या संभाजीमागे एक माणूस होता, उदाजी चव्हाण. हिंमतबहादूर ही त्याची पदवी. वारणेच्या आसपासच्या मुलखात त्याचा असा दरारा होता, की शाहूंना चौथाई देणाऱ्या गावाला उदाजीलाही काहीतरी द्यावे लागे. शाहू शिकारीला गेलेले असताना त्यांच्यावर मारेकरी घातल्याची कथा त्याच्याच नावावर आहे. मारेकरी समोर आले आणि महाराजांना पाहून त्यांचा हात उचलेना. शाहूंनी त्यांना सोडून दिले, पण या माणसांच्या मागे संभाजी आहे हे कळल्यावर त्यांचा संयम सुटला. कथेत मीठमसाला असेल. शाहू मात्र खरोखरच इतके सोशिक होते, की त्यांना चिडवायला बरेच कष्ट घ्यावे लागत.

संभाजी आणि उदाजी वारणा ओलांडून उत्तर काठावर उतरले ते घरदार आणि सामानसुमान घेऊन. हीच चूक होती असे माझे ठाम मत आहे. लुटीच्या मोहिमेवर बायकामंडळी कशाला? साताऱ्याकडून श्रीपतराव प्रतिनिधी चालून आले आणि त्यांनी छावणी बेसावध गाठली. संभाजी आणि उदाजी निसटले. संभाजीने पन्हाळा गाठला आणि मागे राहिलेले सगळे साताऱ्याच्या हाती पडले. दोन तुल्यबळ फौजा समोरासमोर उभ्या राहून भिडल्या, असे इथे काहीच घडले नाही.

आता कैद्यांची यादी बघा. संभाजीची आई राजसबाई. राणी जिजाबाई. रामचंद्रपंत अमात्यांचे पुत्र भगवंतराव. इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे, म्हणजे बाजीराव पेशव्यांची बहीण अनुबाई हिचे यजमान. पेशव्यांचा सख्खा मेहुणा कोल्हापूरच्या बाजूने साताऱ्याच्या हाती सापडला. आणि छापा घालणारे श्रीपतराव कोण? खेडला ताराबाईंसाठी लढून हरलेल्या परशुरामपंतांचेच पुत्र. त्यांचे सख्खे भाऊ कृष्णाजी विशाळगडाचे प्रतिनिधी, म्हणजे कोल्हापूरच्या पदरी. या युद्धात कोण कोणाच्या बाजूला हे वंशावळीवरून सांगता येत नाही. वतन कोणत्या काठाला, हे विचारावे लागते.

आणि त्याच छावणीत ताराबाई होत्या. सोळा वर्षे सवतीच्या कैदेत काढलेली ही बाई आता सवतीसकट पकडली गेली. कैदी आणि तिला कैदेत ठेवणारी, दोघी एकाच दिवशी शाहूंच्या कैदी झाल्या. हंबीरराव मोहित्यांच्या या लेकीने पंचविशीत वैधव्य आल्यावर औरंगजेबाशी सात वर्षे झुंज दिली होती. आता पंचावन्नाव्या वर्षी तिच्यापुढे फक्त एक निवड उरली होती, ती म्हणजे राहायचे कोठे. शाहूंनी राजसबाई आणि जिजाबाई यांना सन्मानाने पन्हाळ्यास परत पाठवले. स्वतः अठरा वर्षे मोगलांच्या छावणीत बंदी असलेल्या माणसाचे हे वागणे मला फार थोर वाटते. ताराबाई मात्र परत गेल्या नाहीत. ज्याला तोतया म्हटले त्याच्याच साताऱ्यात त्यांनी राहणे पत्करले. लोक याला हार मानतात. मला हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत थंड डोक्याने टाकलेला डाव वाटतो. शाहू १७४९ मध्ये निपुत्रिक वारले, तेव्हा ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलेला रामराजा गादीवर आला आणि वर्षभरात त्यांनीच त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात डांबले. पेशव्यांना त्यांनी काय घाम फोडला, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

साताऱ्याजवळच्या संगम माहुलीला गेलो की मी दोन ठिकाणी जातो. एक ताराबाईंची समाधी आणि दुसरी शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची. राणीपेक्षा कुत्र्याची समाधी चटकन सापडते, हे मला अजून पचलेले नाही. कोल्हापुरात मात्र कावळा नाक्यावर ताराराणी घोड्यावर बसून दिमाखात उभी आहे. पुतळ्याला वळसा घालून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की आयुष्याची शेवटची तीस वर्षे या राणीने साताऱ्यात काढली?

पराभवानंतर संभाजीला नमते घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. फेब्रुवारी १७३१ मध्ये कराडजवळ जखिणवाडीच्या माळावर चुलतभावांची भेट झाली. थाट मोठा होता. धाकट्याने पायांवर डोके ठेवले, थोरल्याने उठवून मिठी मारली. १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. त्यात नऊ कलमे होती. वारणेच्या दक्षिणेचा, कृष्णा-तुंगभद्रेच्या संगमापर्यंतचा मुलूख कोल्हापूरकडे आला. मिरज आणि विजापूर प्रांतातली ठाणी साताऱ्याला गेली. एकमेकांचे चाकर फितवून घेऊ नयेत, असेही एक कलम होते. खेडचा अनुभव असलेल्या माणसांना ते सुचणारच. आणि वडगावचे ठाणे पाडून टाकावे, हे कलम उदाजीच्या नावाने!

ते वडगाव म्हणजे आजचे पेठवडगाव. तिथे धनाजी जाधवांची समाधी आहे. खेडला बाजू बदलणारे सेनापती १७०८ मध्ये इथेच वारले. जनावरांच्या बाजाराच्या गर्दीतून वाट विचारत मी तिथे पोचलो, तेव्हा एका म्हाताऱ्या मामांनी मला विचारले, ‘पाहुणं, साताऱ्याचं का कोल्हापूरचं?’ मी कोल्हापूरचे म्हणालो, तेव्हा त्यांनी चहा सांगितला.

तहाने आखलेली रेघ बऱ्याच अंशी अजून टिकून आहे. पुण्याकडून येताना किणीच्या टोलनाक्याआधी पूल लागतो, खाली वारणा. अलीकडे सांगली जिल्हा, पलीकडे कोल्हापूर. छावणीतून सुटून आलेल्या जिजाबाईंनी संभाजी वारल्यावर, १७६० नंतर, हेच राज्य हातात घेतले. पेशव्यांना ते खालसा करायचे होते. जिजाबाईंनी १७६२ मध्ये खानवटकर भोसल्यांच्या घरातला मुलगा दत्तक घेतला आणि १७७३ पर्यंत कारभार हाकला. वारणेवर जिंकलेले साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केले. हरलेले कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले.