कच्च्या लिंबाचे गाऱ्हाणे

मुलांच्या खेळात एक जुना आणि शहाणपणाचा रिवाज आहे. मोठ्या भावंडांच्या मागे लागून आलेल्या लहानग्याला खेळात घेतात, परंतु तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला 'कच्चं लिंबू' म्हणतात. तो धावतो, ओरडतो, दमतो. हारजितीत मात्र त्याची गणना नसते. खेळाचा आनंद मिळण्यासाठी खेळात निपुण असावेच लागते असे नाही, ही समजूत त्या रिवाजामागे आहे. संगणकावर किंवा मोबाइलवर, इंटरनेटच्या साहाय्याने, दूरदूरच्या अनोळखी माणसांशी जे खेळ आज खेळले जातात, त्यांत या कच्च्या लिंबाला फारशी जागा उरलेली नाही. हौसेने खेळणाऱ्या सामान्य माणसाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथेच सापडते.

हा हौशी खेळाडू म्हणजे दिवसभराचे काम उरकून घरी आलेला, रात्री जेवणे आटोपल्यावर तासभर विरंगुळा शोधणारा माणूस. तो इंदूरला असेल, बडोद्याला असेल किंवा नाशिकला असेल. आठवड्यातून त्याच्या हाती तीन-चार तास लागतात. ज्यांच्याशी त्याची गाठ पडते, त्यांतले कित्येकजण एका दिवसातच तितका वेळ खेळतात.

त्याची पहिली अडचण भूगोलाची आहे. ज्या खेळाचे मध्यवर्ती यंत्र, म्हणजे सर्व्हर, सिंगापूरला आहे, तो मुंबईतून खेळताना प्रत्येक हालचालीचा संदेश सुमारे ३,९०० किलोमीटर जातो आणि तितकाच परत येतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. म्हणजे केवळ या प्रवासालाच सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. वाटेतील वळसे, यंत्रे आणि घरातील वायफाय यांनी तो विलंब दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. नेमबाजीच्या खेळात हा काळ अल्प नव्हे. त्यामुळे अशा अनेक खेळांत सर्व्हर काळ किंचित मागे नेऊन पाहतो: गोळी झाडणाऱ्याला त्या क्षणी पडद्यावर काय दिसत होते, यावरून तो निवाडा करतो. झाडणाऱ्याच्या दृष्टीने हे न्याय्यच असते. परंतु भिंतीआड पोहोचल्यानंतरही जो मेला, त्याला हा उघड रडीचा डाव वाटतो. वस्तुतः येथे कोणी लबाडी केलेली नसते. दोघांनी दोन वेगळे क्षण पाहिलेले असतात.

दुसरी अडचण जोड्या लावण्याची. तिचा उगम बुद्धिबळात आहे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक अर्पाड एलो यांनी खेळाडूंचे बळ अंकांत मोजण्याची पद्धत बसविली. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने ती १९६० साली आणि जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. दोघांच्या अंकांत २०० चे अंतर असेल, तर वरचढ खेळाडूला चार डावांत सुमारे तीन गुण मिळावेत, असे हे गणित सांगते. बलाढ्याला हरविले तर अंक पुष्कळ वाढतात, दुर्बळाला हरविले तर थोडे. संगणकीय खेळांनी हीच कल्पना निरनिराळ्या रूपांत उचलली.

पण गणित अचूक ठरले की त्याचा एक परिणाम अटळ असतो. तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळाला, म्हणजे निम्मे डाव हरावे लागणार. खेळाडू सुधारला, तर प्रतिस्पर्धीही अधिक तयारीचा मिळतो आणि हार पुन्हा निम्म्यावर येऊन ठेपते. गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्याला आपण गेल्या वर्षीपेक्षा बरे खेळतो हे जाणवते. येथे ती जाणीव अंकाखाली झाकली जाते. शिवाय पाच-पाच भिडूंच्या खेळात एकट्याचा अंक साऱ्या संघाच्या निकालावरून ठरतो, आणि संघातले चौघे पुष्कळदा अनोळखीच असतात. त्यात काही निष्णात खेळाडू नव्या नावाने खाते उघडून मुद्दाम नवशिक्यांत उतरतात. या प्रकाराला खेळाडूंच्या बोलीत 'स्मर्फिंग' म्हणतात. पैलवानाने बालवाडीच्या कुस्त्यांत नाव नोंदवावे, असाच हा प्रकार.

'पब्जी'सारख्या खेळात तर हार हीच सर्वसाधारण अवस्था असते. बेटावर शंभरजण उतरतात आणि शेवटी एक टिकतो. सगळे सारख्याच बळाचे असले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला सरासरीने शंभर डावांत एकच विजय येईल. रोज दहा डाव खेळणाऱ्याला दहा दिवसांत एक विजय ही काही वाईट गोष्ट नव्हे. आठवड्याला पाच डाव खेळणाऱ्याने मात्र तेवढ्यासाठी वीस आठवडे थांबायचे.

आणि हा डाव थांबविताही येत नाही. अंगणातल्या खेळात 'टाइमप्लीज' म्हटले की जगाचे चक्र थांबे. मूल पाणी पिऊन येई आणि डाव पुढे चाले. अर्ध्या तासाच्या सांघिक डावात मध्येच दारावरची घंटा वाजली, मूल रडू लागले किंवा आईने हाक मारली, तर हौशी खेळाडूपुढे दोनच वाटा उरतात: घरच्यांना ताटकळत ठेवणे, किंवा चार भिडूंना अर्ध्यावर टाकून जाणे. दुसरी वाट धरली तर अनेक खेळांत काही काळ खेळबंदीची शिक्षा होते. ही शिक्षा अन्यायाची नाही, कारण त्या चौघांचाही तास मोलाचा असतो. परंतु विरंगुळ्याच्या गोष्टीने रजेचा अर्ज मागावा, हे विचित्र खरेच.

त्याहून जिव्हारी लागते ती भाषा. एखादी चूक झाली की कानावरच्या ध्वनियंत्रातून अनोळखी आवाज शिव्या देऊ लागतो. गल्लीतही भांडणे होतात; परंतु तेथे शिवी देणाऱ्याची आई गॅलरीत उभी असते, आणि उद्या त्याच मुलांबरोबर पुन्हा खेळायचे असते. यंत्राने जुळविलेल्या दहाजणांना उद्या नसतो. डाव संपतो, माणसे पांगतात, आणि कोणाला कोणाची भीड राहत नाही.

अर्थकारणाचीही येथे बाजू आहे. यांतले अनेक खेळ फुकट मिळतात. उत्पन्न पोशाख, सजावट आणि ठराविक मुदतीच्या 'बॅटल पास'मधून येते. मुदत संपण्यापूर्वी नेमून दिलेली कामे केली नाहीत तर बक्षीस हुकते. अशा रीतीने खेळाला हजेरीपट येतो. पैसे घेऊन बंद पेटीतून काय निघेल ते दैवावर सोडणारी 'लूट बॉक्स'ची पद्धत तर २०१८ साली बेल्जियमच्या जुगार नियामकांनी तेथील कायद्याविरुद्ध ठरविली.

या खेळांच्या रचनाकारांना ही दुखणी ठाऊक नाहीत असे नाही. 'फोर्टनाइट'ने २०१९ साली डावात यंत्रचालित गडी उतरविले, ते नवख्याला हळूहळू पुढे जाता यावे म्हणून. मात्र समोरचा गडी माणूस आहे की यंत्र हे कळले नाही, तर मिळालेल्या विजयाची गोडी कमी होते. कच्च्या लिंबाला आपण कच्चे लिंबू आहोत याची कल्पना असे, आणि साऱ्या गड्यांनी ते प्रेमाने मान्य केलेले असे.

याहून निराळी वाट २०१२ साली 'जर्नी' या खेळाने दाखविली. त्यात वाळवंटातून एका पर्वताकडे जाताना एक अनोळखी सोबती भेटतो. त्याच्याशी बोलता येत नाही. केवळ एक सूर काढता येतो. आरंभीच्या चाचण्यांत खेळाडू एकमेकांना ढकलत, म्हणून रचनाकारांनी धक्का देण्याची सोयच काढून टाकली. सोबत्यांची नावे कळतात ती अगदी शेवटी. अनोळखी माणसे एकमेकांशी कशी वागतील हे पुष्कळसे खेळाच्या नियमांवर अवलंबून असते, हे या साध्या बदलातून दिसून येते.

तोवर हौशी खेळाडूने काय करावे? ओळखीचे चार भिडू जमवून ठराविक रात्री खेळावे, अनोळखी आवाज बंद ठेवावेत, आणि अंकाकडे पाहू नये. ओळखीच्या माणसांत 'टाइमप्लीज' चालते, चूक झाली तर हसू होते, आणि एखाद्या भिडूचा धाकटा भाऊ हट्ट धरून बसला तर त्यालाही एक डाव खेळू देता येतो.